बार्बाडोस की त्रिनिदाद? कॅरिबियनला पहिल्यांदा निघताना

कॅरिबियनला जायचंय असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न समुद्राबद्दल नसतो. ‘पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा आहे का?’ असं मी विचारतो. समोरच्याच्या डोळ्यांपुढे निळं पाणी आणि नारळाची झाडं असतात, आणि मी कागदपत्रांवर घसरतो. तो हिरमुसतो. पण पहिल्या वारीचं निम्मं उत्तर या कागदांतच असतं, हे मी पदरचे पैसे घालवून शिकलोय.

गेल्या महिन्यात डोंबिवलीच्या मावसभावानं हाच विषय काढला. तो, त्याची बायको, आठवीतली मुलगी आणि माझी मावशी, वय ६८. ‘दादा, तू दोन्हीकडे जाऊन आलायस. एकच सांग, बार्बाडोस की त्रिनिदाद?’ गेलोय खरा. एकदा न्यू जर्सीहून मेव्हण्याच्या कुटुंबाबरोबर पाच दिवस बार्बाडोसला, आणि एकदा ठाण्याहून आम्ही दोघंच तेरा दिवस त्रिनिदाद-टोबॅगो या जोडबेटांच्या देशात. पण ‘एकच सांग’ म्हटल्यावर अर्धा तास बोललो आणि त्याचा गोंधळ आणखी वाढवून फोन ठेवला. म्हणून हे जरा बैजवार.

बाकीची बेटं का घेतली नाहीत, तेही सांगतो. प्युर्टो रिको आणि अमेरिकी व्हर्जिन बेटांना अमेरिकेचा व्हिसा लागतो. मार्टिनिक, ग्वादलूप फ्रान्सची, अरूबा, क्युरासाव नेदरलँड्सच्या राज्यातली. युरोपच्या शेंगेन व्हिसाचा ठप्पा असला तरी त्यांचे नियम निराळे. जमैकाला आपल्याला व्हिसा लागत नाही आणि बेट फार देखणं आहे, पण २८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा चक्रीवादळानं त्याचा पश्चिम भाग झोडपून काढला. कुठला भाग कितपत सावरलाय ते पाहून मगच ठरवावं. सेंट लुशिया मधुचंद्रवाल्यांसाठी. राहिली ही दोन. दोन्हीकडे भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, दोन्हीकडे इंग्रजी चालतं, गाड्या आपल्यासारख्या डावीकडून जातात आणि घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. इतकं सारखं असूनही एकीकडून दुसरीकडे तासाभराच्या विमानानं गेलात तर भलत्याच खंडात उतरल्यासारखं वाटतं.

पोचायचं कसं

भारतातून थेट विमान कुठल्याच बेटाला नाही. अमेरिकेमार्गे जायचं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा हवाच. नसेल तर लंडन. हीथ्रोहून बार्बाडोसच्या राजधानीला, ब्रिजटाउनला, थेट विमान आहे, साधारण नऊ तासांचं. पण ब्रिटनमधून जाताना ट्रान्झिट व्हिसाची भानगड असते. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा असेल तर सहसा सूट मिळते. नसेल तर आधी अर्ज करावा लागतो. हे नियम बदलत राहतात, तेव्हा तिकिटाचे पैसे भरायच्या दिवशी ते स्वतः वाचा, एजंटच्या तोंडून ऐकू नका.

‘स्वतः’ का म्हणतो ते ऐका. त्रिनिदादच्या वेळी आमच्या एजंटनं स्वस्तात तिकिटं काढून दिली. मुंबईचं विमान हीथ्रोला उतरणार आणि पुढचं गॅटविकहून सुटणार. मध्ये सात तास, ‘आरामात होईल साहेब.’ दोन विमानतळांच्या मध्ये अख्खं लंडन नसलं तरी रस्ता लंडनच्या कडेनं जातो, म्हणजे ब्रिटनमध्ये प्रवेश करायचा, म्हणजे त्यासाठीची परवानगी हवी. हे आम्हाला कळलं निघायच्या अकरा दिवस आधी, तेही बायकोनं सहज तिकीट चाळलं म्हणून. तिकिटं बदलायला जे गेले त्यात आमचा टोबॅगोचा खर्च निघाला असता.

न्यू जर्सी, टोरंटोवाल्या मंडळींना यातलं काहीच लागू नाही. न्यूयॉर्कहून दोन्ही बेटं पाच तासांच्या आसपास. सकाळी निघालं की दुपारी पाय पाण्यात. तुमचा मुक्काम अमेरिकेत मुलाकडे असेल आणि आठवडाभर सुटी मिळत असेल, तर या परिच्छेदातली एकच गोष्ट पाहा: अमेरिकेत परत शिरायचा तुमचा व्हिसा तोपर्यंत चालू आहे ना.

एक टोचणी

आता ती गोष्ट, जी माहितीपत्रकात छापलेली नसते. भारत सरकारच्या यादीत त्रिनिदाद हा पीतज्वराचा, म्हणजे यलो फीव्हरचा धोका असलेला प्रदेश आहे. बार्बाडोस नाही. त्रिनिदादहून भारतात परतताना लशीचं पिवळं प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात रवानगी होऊ शकते. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, फक्त सरकारमान्य केंद्रात मिळते, आणि एकदा घेतली की ते प्रमाणपत्र जन्मभर चालतं.

एवढ्यावर निभावलं असतं. पण ही जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, अशा वेळी ती देत नाहीत. साठीच्या पुढच्यांना पहिल्यांदा देताना डॉक्टर दहादा विचार करतात. आईवडिलांना बरोबर न्यायचं असेल तर हॉटेलच्या आधी हे विचारा.

आकार आणि पाणी

बार्बाडोस म्हणजे जवळपास मुंबई महापालिकेच्या हद्दीएवढं बेट, ४३२ चौरस किलोमीटर. लांबी ३४ किलोमीटर, रुंदी फार तर २३. लोक तीन लाखांच्या आत. एकट्या त्रिनिदादचं क्षेत्रफळ ४,८०० चौरस किलोमीटरच्या आसपास, गोव्यापेक्षा मोठं आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडं लहान. शिवाय टोबॅगो ३०० चौरस किलोमीटर. म्हणजे बार्बाडोस पाच दिवसांत बघून होतं, एक दिवस लोळूनही. त्रिनिदादला पाच दिवस म्हणजे नुसती वाहतूककोंडी बघून परत येणं.

पाण्याच्या बाबतीत वाद नको, बार्बाडोस. हे बेट ज्वालामुखीचं नाही, प्रवाळाच्या चुनखडीचं आहे. म्हणून वाळू फिकट आणि पाणी आरपार. पश्चिम किनारा इतका शांत की पोहता न येणारा माणूसही छातीभर पाण्यात उभा राहून गप्पा मारतो. ब्रिजटाउनजवळच्या कार्लाइल बेमध्ये कासवं आणि बुडालेल्या जहाजांचे सांगाडे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर दिसतात, डोळ्यांना काचेचा मुखवटा लावला की झालं. पूर्वेकडचा बाथशेबा याच्या अगदी उलट. अटलांटिक थेट येऊन आदळतो, घराएवढाले खडक बुंध्याशी झिजून भोवऱ्यासारखे उभे, आणि वाऱ्यात बोलणं ऐकू येत नाही. तिथं पोहायचं नाही. बसायचं. मार्च ते ऑगस्टच्या दरम्यान पूर्वेच्या किनाऱ्यांवर सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगांनी येऊन पडतं आणि सडलेल्या अंड्यासारखं घमघमतं. त्या महिन्यांत पश्चिमेला खोली घ्या.

किनाऱ्यावर लाल पट्टा रंगवलेली झाडं दिसली तर मुलांना लांब ठेवा. तो मँचिनील. छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं, पण झाड जहरी. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी कातडीवर फोड येतात.

त्रिनिदाद हे मुळात दक्षिण अमेरिकेचाच तुटलेला तुकडा, व्हेनेझुएलापासून सर्वांत जवळच्या ठिकाणी अकरा-एक किलोमीटरवर. ओरिनोको नदीचा गाळ इथवर येतो, त्यामुळे समुद्र बऱ्याच ठिकाणी आपल्या अलिबागच्या चुलतभावासारखा. डोंगर ओलांडून गेलं की मराकास बे लागतो, तो सुंदर आहे, पण लाटा दांडग्या. निळं पाणी हवं तर टोबॅगो: पिजन पॉइंट, बुकू रीफ, आणि भर समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहता येतं ते नायलॉन पूल. त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेनहून अर्ध्या तासाच्या आतलं विमान किंवा काही तासांची फेरी बोट. टोबॅगोच्या मधल्या डोंगररांगेवरचं जंगल १७७६ पासून कायद्यानं राखलेलं आहे.

त्रिनिदादचं खरं धन जमिनीवर आहे. मी ठाण्याचा. हिवाळ्यात खाडीत रोहित बघायला होडीनं जाणं आम्हाला नवं नाही. तरीही कॅरोनीच्या दलदलीतली ती संध्याकाळ वेगळी होती. होडी तिवरांमधून सरकत एका मोकळ्या पाण्यात जाऊन थांबते, नावाडी इंजिन बंद करतो. आधी दोन, मग सात, मग थव्यांनी लाल शराटी उडत येतात आणि समोरच्या हिरव्या बेटावर उतरतात. लाल म्हणजे गुलाबी नव्हे, कुंकवाचा लाल. उजेड जाईपर्यंत झाड हिरवं कमी आणि लाल जास्त दिसायला लागतं. बायको खूप वेळानं एवढंच म्हणाली, ‘फोन नको काढूस.’ दक्षिणेला ला ब्रेआ गावी डांबराचं नैसर्गिक तळं आहे, शंभरेक एकरांचं, ज्यावरून चालता येतं. मला ते भरलेल्या वाहनतळासारखं दिसलं, फक्त गाड्या काढून घेतलेल्या. मुलं असतील तर न्या, नाही तर सोडा.

खाणं

माझ्या मते इथंच त्रिनिदाद बाजी मारतं, आणि शाकाहारी माणसासाठी तर सामना एकतर्फी आहे.

सकाळी सातला चौकात टोपल्यांसारख्या पेट्या लावून डबल्सवाले उभे असतात. डबल्स म्हणजे हळद घातलेल्या मैद्याचे दोन मऊ तळलेले बारे आणि त्यावर छोल्याचा रस्सा. १९३० च्या दशकात प्रिन्सेस टाउन गावात हा प्रकार सुरू झाला. विक्रेता डाव्या तळहातावर कागद ठेवतो, त्यावर दोन बारे एकमेकांवर अर्धे सरकवून टाकतो, पळीभर चणे, वर काकडीचा कीस, चिंचेची चटणी, आणि मग मान वर न करता विचारतो, ‘पेपर?’ म्हणजे तिखट घालू का. याचं उत्तर ‘स्लाइट’ असं द्यायचं. मी कोल्हापुरी सासुरवाडीच्या जोरावर ‘हेवी’ म्हणालो. त्यानं तेव्हा मात्र मान वर केली. पुढची दहा मिनिटं मी नाक पुसत होतो आणि रांगेतल्या बायका हसत होत्या. कागदाची टोकं पिळून पुडी हातात देतात, ती उभ्या उभ्या उघडायची आणि चमचा न मागता खायची. किंमत एका अमेरिकी डॉलरच्या आसपास. त्यावर दुपारपर्यंत भूक लागत नाही.

या चटणीत एक हिरवा वास होता जो ओळखीचा वाटूनही सापडेना. कोथिंबीर, पण जास्त उग्र. रांगेतल्या एका बाईला विचारलं तर म्हणाली, ‘बंदानिया.’ बनधनिया! रानातली कोथिंबीर. असे शब्द मग जागोजागी सापडायला लागतात. मराकासच्या वाटेवर ‘चाव’ मिळतो, म्हणजे कैरीच्या किंवा अननसाच्या फोडींना लसूण, मीठ, बंदानिया आणि मिरची. कुचेला म्हणजे कैरीच्या किसाचं मोहरीच्या तेलातलं लोणचं. आणि डाशीन बुश म्हणजे चक्क अळू. त्याच्या पानांना डाळीचं पीठ लावून तळतात ती सहिना, आपल्या अळूवडीची बहीण. गूळ-चिंच नाही, म्हणून थोडी अबोल. अळू, भेंडी आणि नारळाचं दूध घोटून होतं ते कलालू. आमच्या घरच्या फदफद्याला ते बरंच जवळचं, फक्त त्यात खेकडा घालतात तेव्हा शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या. पोळीचा प्रकार मागायचा तर दालपुरी, किंवा तव्यावरच फोडून चिंध्या केलेला पराठा. त्या पराठ्याला तिथं ‘बस अप शट’ म्हणतात, फाटका शर्ट.

बार्बाडोसमध्ये मासे खाणाऱ्यांचं छान चालतं. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सच्या मासळीबाजारात ताजा मासा निखाऱ्यावर भाजून देतात. कुकू आणि उडता मासा हा तिथला राष्ट्रीय पदार्थ. कुकू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी एकत्र घोटून केलेली घट्ट उकड. मला आवडली, मेव्हण्याच्या मुलांनी ताट सरकवलं. शाकाहारी माणसाला मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी), भात-वाटाणे, तळलेली राजेळीसारखी केळी आणि नीरफणस यांवर दिवस काढावे लागतात. नीरफणस मात्र झकास, भाजून किंवा कापं करून. कोकणातल्या माणसाला त्याचं काय कौतुक, पण कॅरिबियनमध्ये हे झाड १७९३ मध्ये कॅप्टन ब्लाय यानं पॅसिफिकमधून आणलं, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खायला घालता यावं म्हणून. हे कळल्यावर दुसरं काप तोंडात घालताना हात जरा थबकतो. मद्य घेणाऱ्यांनी रम चाखावी. माउंट गे ही तिथली रमची कंपनी १७०३ पासूनचं नाव सांगते.

माणसं

३० मे १८४५ ला फातेल रझाक नावाचं जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशे मजुरांना घेऊन त्रिनिदादला लागलं. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना हात हवे होते. १९१७ पर्यंत करारावर एक लाख चाळीस हजारांहून जास्त लोक आणले गेले. बहुतेक भोजपुरी पट्ट्यातले, थोडे मद्रासकडचे. मराठी माणूस त्यांत शोधायला जाऊ नका. २०११ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक ३५ टक्क्यांच्या थोडे वर होते. ३० मे आणि दिवाळी, दोन्हींची सार्वजनिक सुटी असते.

चागुआनासजवळ आम्ही उतरलो होतो त्या घरची मालकीण माझ्याएवढीच. हिंदी तिला अजिबात येत नाही. भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, ‘माय आजा अँड आजी.’ मी चमकलोच. वडिलांचे आईवडील आजा-आजी, आईचे नाना-नानी. मी म्हटलं, आम्हीही आजीच म्हणतो. ती म्हणाली, मग तुम्ही कुठल्या गावचे, आमच्या जवळपासचे का? तिचं गाव कुठलं ते तिला माहीत नव्हतं. जहाजाच्या कागदावर जिल्ह्याचं नाव होतं तेवढंच.

जवळच कारापिचाइमाला ८५ फुटी हनुमान आणि दत्तात्रेयाचं मंदिर आहे, म्हैसूरच्या दत्तपीठाचं. नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्यांनी तिथं बसून पाहावं, वास तोच, बाहेरची झाडं निराळी. पण मला जास्त लक्षात राहिलं ते वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ. सिवदास साधू नावाच्या मजुरानं १९४७ मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधायला घेतलं. जमीन साखर कंपनीची, म्हणून ते पाडलं गेलं आणि त्याला तुरुंगातही जावं लागलं. मग त्यानं ठरवलं, समुद्र तर कुणाच्या मालकीचा नाही ना. सायकलवरून दगड आणून, ओहोटीला चिखलात टाकत, वर्षानुवर्षं भर घालत त्यानं पाण्यात देऊळ उभं केलं. आजचं बांधकाम १९९५ चं आहे. आता तिथवर दगडी वाट जाते.

बार्बाडोसमध्येही भारतीय आहेत, बहुतेक सुरतेकडून आलेली गुजराती मुस्लिम व्यापारी घराणी, पण थोडी. बाकी बेट आफ्रिकी वंशाच्या लोकांचं, अंगात इंग्रजी शिस्त आणि बोलण्यात मिश्कीलपणा. दुकानात शिरल्यावर ‘गुड मॉर्निंग’ न म्हणता थेट भाव विचारलात तर बाई आधी तुम्हाला गुड मॉर्निंग म्हणायला लावते, मग भाव सांगते. ब्रिटनच्या राणीला तिथं ३० नोव्हेंबर २०२१ पर्यंत राष्ट्रप्रमुखपद होतं, मग देश प्रजासत्ताक झाला. ब्रिजटाउनचा जुना भाग आणि लष्करी छावणी २०११ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

फिरणं, पैसा, जीव

बार्बाडोसमध्ये खोली महाग, जेवण महाग, फिरणं स्वस्त. बसचं भाडं कुठूनही कुठेही साडेतीन बार्बाडोस डॉलर, म्हणजे पावणेदोन अमेरिकी. तिथले दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, १९७५ पासून पक्कं, त्यामुळे हिशेब आठवीतली मुलगीही करेल. सरकारी बस निळी, खासगी मिनीबस पिवळी, आणि पांढऱ्या गाडीवर किरमिजी पट्टा असला की ती ‘झेडआर’. आपल्या काळ्यापिवळ्या जीपची आठवण येईल: गाणी मोठ्यानं, माणसं मांडीला मांडी लावून, आणि वळणावर देवाचं नाव. आम्ही चार दिवस झेडआरनंच फिरलो.

त्रिनिदादमध्ये मॅक्सी टॅक्सी, म्हणजे ठरलेल्या मार्गावरच्या मिनीबस, पट्ट्याच्या रंगावरून ओळखायच्या. पिवळा पट्टा पोर्ट ऑफ स्पेनच्या बाजूचा, लाल पूर्वेचा, हिरवा दक्षिणेचा. नंबर ‘एच’नं सुरू होणारी मोटार म्हणजे तिथं टॅक्सी. बार्बाडोसमध्ये नेमका तोच ‘एच’ पर्यटकानं भाड्यानं घेतलेल्या गाडीवर असतो, आणि तो दिसला की मागचे लोक समजून अंतर ठेवतात. त्रिनिदादमध्ये राहणं-खाणं निश्चित स्वस्त, पण देवळं, दलदल, डोंगर करायचे तर चालकासकट गाडी लागतेच, आणि वाचलेले पैसे तिथं जातात.

आता सुरक्षितता. यावर गोड बोलून उपयोग नाही. त्रिनिदादमध्ये टोळ्यांच्या हिंसेमुळे ३० डिसेंबर २०२४ ला आणीबाणी लागू झाली, जुलै २०२५ मध्ये पुन्हा. त्याची झळ बहुतेक ठरावीक वस्त्यांना बसते. आम्हाला तेरा दिवसांत काही त्रास झाला नाही, पण आम्ही काळोख पडल्यावर पायी कुठे गेलो नाही, राजधानीच्या मध्यवस्तीत तर नाहीच, आणि गाडी नेहमी ओळखीच्या माणसाची घेतली. ज्याला संध्याकाळी हॉटेलबाहेर निवांत भटकायचंय त्याला हे जाचेल. बार्बाडोसमध्येही गुन्हे होतात, पण पर्यटकाच्या वाटेला तिथं मोकळीक खूप जास्त.

दोन्हीकडे लष्करी ठिपक्यांचे कपडे घालायला कायद्यानं बंदी आहे, लहान मुलांची बर्म्युडासुद्धा. बॅग भरताना बघा. आणि आपले लोक हौसेनं इलेक्ट्रिक कुकर नेतात. तिथं वीज ११५ व्होल्ट, अमेरिकी पद्धतीचे चपटे पाय. मोबाइलचा चार्जर चालतो. आपला २३० व्होल्टचा कुकर जेमतेम पावपट ताकदीनं तापेल, दुपारी लावलेला भात संध्याकाळी मिळेल.

क्रिकेटवाल्यांसाठी

ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलला आज सगळे सूर्यकुमारच्या झेलाची जागा बघायला जातात. २९ जून २०२४, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सात धावांनी विश्वचषक. मागोमाग बेरिल चक्रीवादळ आलं आणि आपला संघ तिथंच अडकला, हेही आठवत असेल. पण माझ्या पिढीच्या मनात त्या मैदानाचं दुसरं खातं आहे. १९९७ च्या कसोटीत जिंकायला १२० हवे होते आणि आपण ८१ मध्ये आटोपलो.

पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल मात्र आपलं. मागे डोंगर असलेलं हे मैदान. मार्च १९७१, वाडेकर कर्णधार, सरदेसाईंचं शतक, आणि पहिलीच कसोटी खेळणाऱ्या गावसकरांच्या ६५ आणि नाबाद ६७. वेस्ट इंडीजवरचा आपला पहिला कसोटी विजय. त्याच मालिकेत तिथंच पुढे गावसकरांच्या १२४ आणि २२०. १९७६ मध्ये ४०३ चा पाठलागही इथलाच. टॅक्सीवाल्याला ‘फ्रॉम बॉम्बे’ एवढं सांगा. आमचा चालक साठीचा होता, गाडी बाजूला घेऊन त्यानं गावसकरांचा बचावात्मक पवित्रा हवेत करून दाखवला.

केव्हा

डिसेंबर ते मे कोरडे, दोन्हीकडे. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्रिनिदाद त्या पट्ट्याच्या दक्षिणेला असल्यानं बहुधा वाचतं, बार्बाडोसला अधूनमधून तडाखा बसतो. त्रिनिदादचा कार्निव्हल ॲश वेन्सडेच्या, म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपासकाळ सुरू होतो त्या बुधवारच्या, आधीच्या सोमवारी-मंगळवारी. त्या आठवड्यात त्रिनिदादला जायचं तर फक्त त्याच्यासाठीच जा, खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात आणि बाकीचा देश बंद असतो. बार्बाडोसचा क्रॉप ओव्हर उत्सव ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी संपतो. मला विचाराल तर त्रिनिदाद दिवाळीत. पाऊस असतो, असू द्या. फेलिसिटी गावात बांबू वाकवून कमानी करतात आणि त्यांवर मातीच्या पणत्या लावतात. अनोळखी घरातही बसवून जेवू घालतात.

तर मावसभावाला मी काय सांगितलं? तो एकटा किंवा जोडीनं भारतातून बारा-तेरा दिवसांसाठी निघाला असता तर डोळे मिटून त्रिनिदाद म्हटलं असतं, शेवटचे चार दिवस टोबॅगो. एवढा लांबचा प्रवास नुसत्या पाण्यासाठी करावा असं मला वाटत नाही, आणि तिथली माणसं दुसरीकडे भेटत नाहीत. पण त्याच्याकडे आठच दिवस आहेत, मुलीला पोहायचंय, आणि मावशीच्या डॉक्टरांनी पिवळ्या लशीला सरळ नाही म्हटलंय. तेव्हा बार्बाडोस, पश्चिम किनारा, फेब्रुवारी, स्वयंपाकघर असलेली खोली, हीथ्रोला उतरून हीथ्रोवरूनच पुढे.

परवा मावशीचा फोन आला. म्हणाली, ‘तिथं म्हणे आपला नीरफणस मिळतो. मग तांदळाचा रवा नेऊ का थोडा, कापांना लावायला?’

ने म्हटलं. पिशवी सीलबंद घे, आणि कस्टम्सच्या फॉर्मवर ती लिही.